चौदा हजारांचं पॅकेज आणि पंच्याऐंशी डॉलरचा फॉर्म: नॅशव्हिलमधल्या एका नवख्या गायिकेचं प्रकरण

मी नॅशव्हिलमध्ये बारा वर्षं राहते, अकाउंटंट आहे, आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये टॅक्सचे कागद घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी गाणारे-वाजवणारे असतात. खाली लिहिलंय ते त्यातल्याच एका मुलीचं प्रकरण, तिला विचारून लिहितेय. नाव देत नाही, गाव आणि काही बारीकसारीक तपशील बदललेत, पैशांचे आकडे मात्र जवळपास तसेच ठेवलेत कारण ते काढले तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. मराठीत लिहायचं कारण एवढंच की गेल्या गणपतीत आपल्याच दोन घरांतल्या आयांनी मला विचारलं, मुलगी स्वतः गाणी लिहिते, इथेच वाढलीय, पुढे काय करायचं गं. तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकले नाही, आरतीची गडबड होती, म्हणून आता सविस्तर.

पार्श्वभूमी

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा १९ वर्षांची. टेनेसीच्या पूर्वेकडच्या डोंगरातली, ब्रिस्टल तिच्या गावापासून तासाभरावर आणि नॅशव्हिल साडेचार तासांवर. आजोबांनी वाढवलं, त्यांना ती पापॉ म्हणते. घरी थोडी गुरं, पापॉंचा जुना बँजो, रविवारी चर्चमध्ये गाणं. शाळा संपली त्या उन्हाळ्यात, २०२२ मध्ये, गाडीत गिटार टाकून इथे आली. नॅशव्हिलच्याच अँटिओक भागात दोन मुलींबरोबर एक भाड्याचं घर, सकाळी नाश्त्याच्या हॉटेलात वेट्रेस, आणि आठवड्यातून दोन दिवस लोअर ब्रॉडवेवरच्या एका बारमध्ये गाणं.

ब्रॉडवे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे एकाला एक लागून बार आहेत, सकाळपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत प्रत्येकात बँड चालू, आत जायला बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, आणि गाणाऱ्यांची एक शिफ्ट चार तासांची. कमाई म्हणजे मुख्यतः टिप्सची बादली आणि हल्ली स्टेजपाशी चिकटवलेला क्यूआर कोड, ते बँडमध्ये वाटून घ्यायचं. तिच्या वाट्याला शिफ्टमागे सरासरी ११० डॉलर यायचे. पण तिथे लोकांना ओळखीची गाणी हवी असतात, स्वतःचं गाणं सुरू केलं की माणसं ड्रिंक घ्यायला उठतात. ती दोन वर्षं दुसऱ्यांचीच गाणी गात होती आणि स्वतःची वहीत साठत होती. मी मोजली तेव्हा ३८ होती, बऱ्याच गाण्यांची चाल फक्त फोनमध्ये रेकॉर्ड केलेली, कुठेही बॅकअप नाही.

माझ्याकडे ती मार्च २०२४ मध्ये आली ती टॅक्ससाठी. टिप्सचा हिशोब मात्र तिनं एका डायरीत रोजच्या रोज लिहिला होता, पापॉंची सवय म्हणे, दुधाचा हिशोब ते असाच ठेवतात. टेनेसीत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून तिला वाटलेलं आपल्याला काही भरायचं नाही, पण स्वतःच्या धंद्यातल्या कमाईवर फेडरलचा १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतोच, तो जवळपास १,३०० डॉलर निघाला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी ती काही ना काही विचारायला यायला लागली, मला मावशीसारखं वागवायला लागली म्हणा ना.

अडचण

एप्रिलमध्ये ती एक नऊ पानी कॉन्ट्रॅक्ट घेऊन आली. ब्रॉडवेवर तिला ऐकून एका छोट्या प्रॉडक्शन कंपनीनं ऑफर दिली होती. पाच गाण्यांचा ईपी म्हणजे छोटा अल्बम, फोटो, एक व्हिडिओ, 'रेडिओ प्रमोशन', सगळं मिळून १४,००० डॉलर, निम्मे आधी. पैसे देणार ती. आणि पान सहावर होतं की रेकॉर्डिंगची मालकी कंपनीची, त्या पाच गाण्यांच्या कॉपीराइटमधला अर्धा हिस्सा कंपनीचा, कायमचा. पान सातवर एक वाक्य आणखी होतं जे ती वाचून पुढे गेली होती: पुढच्या दोन वर्षांत ती जे जे गाणं लिहील त्यालाही हाच नियम.

इथे थोडं थांबून समजावते, कारण याच ठिकाणी भल्याभल्यांचा घोळ होतो. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, म्हणजे ते गाणं स्वतः. दुसरी त्याचं रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. एखादा अभंग दहा जणांनी गाऊन दहा रेकॉर्ड काढल्या तर रेकॉर्डिंगं दहा, गाणं एकच. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला जातात, गाणाऱ्याला कायद्यानं काहीच मिळत नाही. म्हणजे ज्या 'रेडिओ प्रमोशन'साठी ती पैसे मोजणार होती त्यातून जे यायचं ते फक्त लिहिण्याच्या बाजूनं येणार, आणि त्याच बाजूचा अर्धा हिस्सा ती देऊन टाकत होती, वर १४,००० सुद्धा तिचेच.

हा डाव जुना आहे. ब्रिस्टलमध्ये १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाच्या माणसानं रेकॉर्डिंगची मशीन आणून कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स या गायकांची पहिली रेकॉर्डिंगं केली, कंट्री संगीताचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला असं मानतात, आणि त्या भागातल्या पोरांना हे शाळेपासून माहीत असतं. त्याच पीअरनं रेकॉर्ड काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीकडून मोठा पगार न मागता गाण्यांचं पब्लिशिंग, म्हणजे शब्द-चालीचे हक्क सांभाळून त्यातून कमवायचा धंदा, स्वतःकडे ठेवलं होतं. पैसा कुठे आहे ते त्याला तेव्हाच कळलं होतं. मी हे तिला सांगितलं तर ती गप्पच झाली, कारण ब्रिस्टलमध्ये या रेकॉर्डिंगांचं जे म्युझियम आहे त्यात ती चार वेळा जाऊन आली होती आणि ही बाजू तिच्या मनात कधी आलीच नव्हती.

दुसरी अडचण यात गुंतलेली होती. तिचं सगळ्यात चांगलं गाणं, जे ऐकून कंपनीवाले आले, ते पूर्ण तिचं नव्हतं. बँडमधल्या गिटारवाल्या मुलानं शिफ्ट संपल्यावर पार्किंगमध्ये बसून त्याला सुरुवातीची एक रिफ, म्हणजे गिटारची छोटी धून, दिली होती आणि कोरसमधली एक ओळ बदलून दिली होती. कुणी किती लिहिलं हे दोघांनी कधी बोललंच नव्हतं. तिच्या मनात होतं की गाणं माझं, त्यानं मदत केली. त्याच्या मनात होतं की गाणं दोघांचं.

आणि तिसरं, पैसे पापॉ देणार होते. वासरं विकून.

समोरचे पर्याय

आम्ही माझ्या किचन टेबलवर बसून चार पर्याय लिहिले. पहिला, सही करायची. याच्या बाजूनं जे होतं ते मी कमी लेखणार नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणालं होतं की तू चांगली आहेस, आणि १९ व्या वर्षी त्या एका वाक्याचं वजन किती असतं ते आपण विसरतो. हातात तयार ईपी आला असता, घरी दाखवायला काहीतरी झालं असतं. माझ्याकडच्याच दुसऱ्या एका गायकानं असंच पॅकेज घेतलं होतं, ईपी छान झालेला, पण तीन वर्षांनी त्यातलं एक गाणं दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीचा फोनच लागेना आणि तो व्यवहार गेला, हे मला माहीत होतं.

दुसरा पर्याय, स्वतःच्या पैशात तीनच गाण्यांचा साधा डेमो करायचा. तिसरा, रेकॉर्डिंगच्या भानगडीत न पडता फक्त रायटर्स राउंड्सना, म्हणजे लिहिणारे एकत्र बसून आपापली गाणी म्हणतात त्या बैठकांना, जायचं आणि लोकांबरोबर लिहायचं. नॅशव्हिलला दहा वर्षांचं गाव म्हणतात, म्हणजे इथे काही घडायला दहा वर्षं लागतात, तर त्यातली दोनच झाली होती. चौथा, गावी परत जाऊन फोनवर व्हिडिओ टाकत राहायचं, भाडं तरी वाचेल. हा चौथा पर्याय तिनं पाच मिनिटांत खोडला, मी खोडला नसता, पण आयुष्य तिचं.

मी तिला एकच अट घातली, सही करायची असली तरी कर पण आधी म्युझिकचा वकील बघू. तासाचे ३५० डॉलर, दोन तास लागले. वकील बाईंनी जे सांगितलं त्यातल्या दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. एक, खरा पब्लिशर लिहिणाऱ्याकडून पैसे मागत नाही, उलट आगाऊ देतो, त्यामुळे जो पैसेही मागतो आणि पब्लिशिंगही मागतो त्याच्यापासून लांब राहायचं. दुसरी, अमेरिकन कायद्यात लेखकाला ३५ वर्षांनी दिलेला हक्क परत मागता येतो, आधी नोटीस देऊन. मुलीनं तिथेच बोटांवर मोजलं, १९ आणि ३५, म्हणजे चोपन्न. पापॉ तोपर्यंत नसतील, एवढंच म्हणाली.

काय केलं

कंपनीला आधी विचारून पाहिलं. मागणी एवढीच की पब्लिशिंगचं कलम काढा, पान सातचं वाक्य काढा, मग पैशांचं बघू. त्यांनी पैसे ११,००० वर आणले, कलम नाही काढलं. यावरून मला तरी कळलं की त्यांना नक्की काय हवं होतं. जूनच्या मध्यावर तिनं नाही म्हणून कळवलं.

मग ते कंटाळवाणं काम सुरू झालं ज्याचं कुणी कौतुक करत नाही. ३८ पैकी दहा गाणी निवडली, जी पूर्णपणे तिनं एकटीनं लिहिलेली आणि कुठेही प्रसिद्ध न झालेली होती. कॉपीराइट ऑफिसमध्ये अशी दहापर्यंत गाणी एकाच अर्जात नोंदवता येतात, फी ८५ डॉलर, अट अशी की सगळ्यांचे लेखक तेच असले पाहिजेत. म्हणजे गिटारवाल्याबरोबरचं गाणं त्यात बसत नव्हतं, त्याला वेगळा अर्ज, ६५ डॉलर, आणि त्या अर्जात दुसऱ्या लेखकाचं नाव लिहावं लागणार. त्या एका फॉर्ममुळे दोघांना बोलावं लागलं.

या बोलण्यात मी चुकीचा सल्ला दिला. मी अकाउंटंटच्या डोक्यानं ओळी मोजल्या, बत्तीस ओळींत त्याची एक, वर एक रिफ, म्हणून ८०-२० सांग असं म्हटलं. वकील म्हणाली, दोघांनी मिळून गाणं केलं आणि काही ठरवलं नसेल तर कायदा दोघांना सारखाच हिस्सा धरतो, आणि नॅशव्हिलची रीतही तीच आहे, खोलीत जितके बसले तितके समान भाग, कुणी एकच शब्द दिला असला तरी. मुलगी दोन दिवस विचार करून त्याच्याकडे गेली आणि निम्मं-निम्मं लिहून एका साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन आली. मला तेव्हा ते अजिबात पटलं नाही. मी तसं बोललेही, आणि जरा जास्तच बोलले.

बाकी नोंदी भराभर झाल्या. बीएमआय, एस्कॅप असल्या संस्थांपैकी एकीचं सदस्यत्व, जिथून रेडिओ आणि बार-हॉटेलांत वाजण्याचे पैसे येतात. एमएलसी, जी २०१८ च्या कायद्यानंतर स्ट्रीमिंगमधला लिहिणाऱ्याचा एक हिस्सा वाटते, २०२१ पासून चालू आहे आणि तिथे नोंदणी फुकट. साउंडएक्स्चेंज, इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओसाठी, तिथे रेकॉर्डिंगच्या मालकाला ५० टक्के, मुख्य कलाकाराला ४५ आणि साथीदारांना ५, म्हणजे मास्टर स्वतःचं असेल तर ९५ टक्के तिचेच. आपल्याकडच्या गीतकारांसाठी जाता जाता सांगते, भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गाण्यातला गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा निम्मा हिस्सा असा सहीनं विकून टाकता येत नाही, आयपीआरएस ही संस्था ती रॉयल्टी गोळा करून वाटते. इथे तसं संरक्षण नाही. सही केली की केली, निदान ती ३५ वर्षं तरी.

डेमो सप्टेंबरमध्ये झाला. तीन तासांचं एक सेशन, चार वादक, तीन गाणी. इथले सेशन वादक नंबर सिस्टीमवर वाजवतात, कॉर्डची नावं न लिहिता एक-चार-पाच असे आकडे, १९५०च्या दशकाच्या शेवटी नील मॅथ्यूज या गायकानं ही पद्धत काढली. आपल्या पेटीवाल्याला काळी चार म्हटलं की बाकी सगळे सूर सा धरून हलतात, अगदी तसंच, त्यामुळे पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. आणि पट्टी बदलावी लागलीच, कारण आदल्या रात्री तिनं बारमधली शिफ्ट रद्द केली नव्हती, ११० डॉलर जातील म्हणून. आवाज बसलेला. वादकांनी एक सूर खाली घेऊन सगळं वाजवलं, तिचा आवाज मात्र दहा दिवसांनी वेगळा रेकॉर्ड करावा लागला, २०० डॉलर जास्त. एकूण डेमो २,८५०. वकील, फॉर्म सगळं धरून ३,७००. तिची शिल्लक २,४०० होती, बाकीचे तिनं नाश्त्याच्या डबल शिफ्ट करून उभे केले.

त्याच काळात दर सोमवारी ब्लूबर्ड कॅफेच्या ओपन माइकसाठी, म्हणजे नवख्यांनाही स्टेज मिळतं त्या कार्यक्रमासाठी, नाव टाकायला लागली. ही जागा १९८२ पासून आहे, जेमतेम ९० खुर्च्या, दुकानांच्या रांगेत लपलेली, बाहेरून बघाल तर चुकून पुढे जाल. आत बोलायचं नाही असा सक्त नियम. राउंडमध्ये चार लिहिणारे मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीनं गाणं आणि त्याची गोष्ट सांगतात, थेट आपल्या बैठकीसारखं. तिला तिसऱ्या प्रयत्नात ओपन माइकला वेळ मिळाली. मी मागे उभी होते. ब्रॉडवेवर जी मुलगी ओरडून गाते तिला त्या शांततेत स्वतःचा श्वास ऐकू आला आणि दुसऱ्या कडव्यात ती शब्द विसरली, थांबली, पुन्हा म्हटलं. कुणी हललंसुद्धा नाही. बाहेर येऊन म्हणाली, दोन वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी शब्द ऐकले.

काय झालं

तीन गाणी नोव्हेंबर २०२४ पासून एकेक करून ऑनलाइन आली. बारा महिन्यांत तिन्ही मिळून साधारण ५२,००० स्ट्रीम्स, हातात आले १७० डॉलरच्या आसपास. तिसरं गाणं ६४० वर अडकलं आणि स्पॉटिफायवर वर्षात १,००० च्या खाली असलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत, तेव्हा तिथे शून्य. डेमोचे पैसे अजून वसूल झालेले नाहीत आणि बहुधा अशा मार्गानं होणारही नाहीत.

जे घडलं ते वेगळ्याच बाजूनं. त्या गिटारवाल्या मुलानं तिला त्याच्या ओळखीच्या दोन लिहिणाऱ्यांच्या खोलीत नेलं. निम्मा हिस्सा दिला नसता तर नेलं असतं का, हे मी त्याला विचारलं नाही, पण माझं उत्तर मला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा मिळून लिहिणं सुरू झालं आणि २०२५ च्या वसंतात त्यातल्या एकामुळे एका छोट्या पब्लिशरनं तिला बोलावलं. ऑफर अशी: महिन्याला १,८०० डॉलर आगाऊ, जे पुढच्या रॉयल्टीतून कापून घेणार, वर्षाला बारा पूर्ण गाणी, दोघांनी लिहिलेलं गाणं अर्धं धरणार. गाण्याच्या कमाईत एक हिस्सा लिहिणाऱ्याचा आणि एक पब्लिशरचा धरतात, त्यातल्या पब्लिशरच्या हिश्शातलाही निम्मा तिच्याकडेच राहणार. त्यांना जुनी गाणीही हवी होती, सगळी. पण ती दहा गाणी तारखेसकट नोंदवलेली होती, यादी समोर ठेवता आली, आणि बोलून बोलून चारच दिली, सहा राहिली. तोंडी सांगितलं असतं की ही माझी जुनी गाणी आहेत तर कुठलं जुनं आणि कुठलं नवं यावरच अडलं असतं.

वकील बाईंनी आणखी एक कलम घातलं, डेमोमधला तिचा आवाज वापरून मशीननं तिच्या आवाजात गाणं बनवायचं नाही. टेनेसीत जुलै २०२४ पासून आवाजाला कायद्याचं संरक्षण आहेच, तरी लिहून घेतलेलं बरं.

हिट वगैरे काही झालेलं नाही. कुठल्याही नावाजलेल्या गायकानं तिचं गाणं अजून रेकॉर्ड केलेलं नाही. नाश्त्याच्या दोन शिफ्ट चालू आहेत, ब्रॉडवे आठवड्यातून एकदाच. पहिलं वर्ष संपल्यावर पब्लिशर करार पुढे चालवेल की नाही हे त्यांच्या हातात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सेशनच्या आदल्या रात्रीची शिफ्ट हे तर उघडच आहे, ११० वाचवायला २०० गेले. गाण्यांचा बॅकअप पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता, तिच्या फोनची स्क्रीन मे महिन्यात गेली आणि चार चाली कायमच्या गेल्या, त्या तिला आजही आठवत नाहीत. हिश्शाचा कागद पार्किंगमध्येच, गाणं ताजं असताना व्हायला हवा होता, तेव्हा दोघांनाही त्या गाण्याची किंमत नव्हती म्हणून भांडणही झालं नसतं. डेमो तीन गाण्यांचा करण्याऐवजी दोनचा केला असता तर चाललं असतं असं ती म्हणते, मला तसं वाटत नाही, पब्लिशरनं तिसरंच गाणं दोनदा लावून ऐकलं होतं, तेच ६४० वालं.

पण माझ्या मनात जे राहिलंय ते पापॉंचं. मेच्या शेवटी वकील भेटून आलो तेव्हाच आम्हा दोघींना माहीत होतं की सही होणार नाही. तिला घरी सांगायचा धीर होत नव्हता, म्हणाली कंपनीचं शेवटचं उत्तर येऊ दे मग सांगते, आणि मी म्हटलं बरं. तीन आठवडे गेले. तिनं शेवटी फोन केला तर ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, डॉलीनं एल्विसला सुद्धा अर्धं दिलं नव्हतं, तू यांना कशाला देतेस. कंट्रीची मोठी गायिका डॉली पार्टन शेजारच्याच डोंगरातली, एल्विस तिचं गाणं गाणार होता पण त्याच्या मॅनेजरनं पब्लिशिंगचा अर्धा हिस्सा मागितला आणि तिनं नाही म्हटलं, ती गोष्ट तिकडे सगळ्यांना पाठ आहे. ते चिडलेच नाहीत. मग बोलता बोलता म्हणाले, वासरं दोन आठवड्यांपूर्वीच बाजारात नेली, भाव पडेल की काय वाटलं म्हणून थांबलो नाही.

नऊ वासरं. शरदापर्यंत ठेवली असती तर अंगानं भरली असती. ते पैसे त्यांनी गावातल्या बँकेत तिच्या नावानं ठेवलेत, त्याची पावती दर वर्षी टॅक्सच्या कागदांत माझ्याकडे येते, आणि तिनं त्यातला एक डॉलरही अजून काढलेला नाही.